थांबणे वेगळे, अडवणे वेगळे

संगणक वेगवान असतो असे आपण म्हणतो, पण त्याच्या आयुष्याचा मोठा भाग वाट पाहण्यात जातो. हे वाक्य अतिशयोक्तीचे वाटू नये म्हणून एक हिशेब मांडतो.

आजचा साधा प्रोसेसर सेकंदाला सुमारे तीन अब्ज ठोके मारतो. त्यातला एक ठोका म्हणजे एक सेकंद असे घटकाभर धरू. या मापाने मुख्य स्मृतीतून एखादी गोष्ट आणायला सुमारे पाच मिनिटे लागतात. म्हणजे शेजारच्या खोलीत जाऊन यावे एवढीच. एसएसडीवरची माहिती वाचायला साडेतीन दिवस लागतात. जुन्या, फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून तीच माहिती हवी असेल तर जवळजवळ एक वर्ष. मुंबईहून न्यूयॉर्कच्या संगणकाला निरोप पाठवून उत्तर यायला एकोणीस वर्षे. आणि एखाद्या बँकेच्या संगणकाने उत्तर द्यायला तीन सेकंद घेतले, तर? चिमाजीअप्पांनी मे 1739 मध्ये वसईचा किल्ला घेतला, तेव्हापासून आजवर जेवढा काळ लोटला, साधारण तेवढा.

आता प्रश्न असा, की या पावणेतीनशे-तीनशे वर्षांत प्रोसेसरने काय करायचे? दारात उभे राहायचे, की दुसरी कामे उरकायची? गेल्या चाळीस वर्षांतल्या संगणक-प्रणालींच्या रचनेतला एक मोठा भाग या एका प्रश्नाभोवती फिरतो. हा विषय प्रोग्रामरांचा आहे असे समजून साहित्याच्या वाचकाने तो सोडून देऊ नये, कारण भाजी घेऊन फोनवर पैसे पाठवताना हाच प्रश्न दिवसातून चार वेळा त्याच्याही समोर उभा राहतो.

गिरणीतला डबा

पिठाच्या गिरणीत दळण दोन तऱ्हांनी आणता येते. एक तऱ्हा अशी, की डबा गिरणीवाल्याच्या हाती द्यायचा आणि दळण होईपर्यंत तिथेच बाकावर बसून राहायचे. दुसरी तऱ्हा, डब्यावर नावाची चिठ्ठी लावून तो रांगेत ठेवायचा, बाजार करायचा, रेशनचे काम उरकायचे आणि परतताना पीठ घेऊन यायचे. दळायला लागणारा वेळ दोन्हीत तेवढाच. गिरणी पहिल्या तऱ्हेत हळू चालत नाही की दुसऱ्या तऱ्हेत भरभर चालत नाही. फरक पडतो तो आपल्या वेळात.

प्रोग्रामिंगमध्ये पहिल्या तऱ्हेला ‘ब्लॉकिंग कॉल’ म्हणतात. प्रोग्राम कार्यप्रणालीला सांगतो, ‘नेटवर्कवरून येणारी माहिती मला वाचून दे.’ माहिती अजून आलेली नसते. मग कार्यप्रणाली त्या प्रोग्रामचा तो धागा, म्हणजे थ्रेड, झोपवून ठेवते. माहिती आली की त्याला उठवते आणि पुढची ओळ चालू होते. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही फार सोयीची पद्धत आहे. ‘वाच, मग मोज, मग लिही’ असा कार्यक्रम वरून खाली सरळ वाचता येतो. युनिक्सने हीच रीत रुजवली आणि अनेक पिढ्यांचे प्रोग्रामर तिच्यावर वाढले.

एकच ग्राहक असेपर्यंत हे ठीक. दहा हजार ग्राहक एकाच वेळी आले तर? सोपे उत्तर असे, की प्रत्येकासाठी वेगळा थ्रेड ठेवायचा. दहा हजार डबे, तर बाकावर बसायला दहा हजार माणसे. पण प्रत्येक थ्रेडला स्वतःची राखीव जागा लागते. जावा भाषेच्या नेहमीच्या मांडणीत ती एका थ्रेडमागे सुमारे एक मेगाबाइट असते. शिवाय एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जाताना प्रोसेसरला मांडलेला पसारा आवरून नवा मांडावा लागतो. बाकावर बसलेली माणसे काहीच करत नसतात, पण जागा अडवतात.

किती जागा, हे मोजायला एक साधा नियम आहे. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये तो सिद्ध केला. एखाद्या ठिकाणी एका वेळी सरासरी किती जण असतील? दर सेकंदाला येणाऱ्यांच्या संख्येला प्रत्येकाच्या थांबण्याच्या वेळाने गुणा. बँकेची रांग असो, दवाखाना असो की संगणक, नियम तोच. ऑगस्ट 2025 मध्ये यूपीआयवरचे महिन्याचे व्यवहार 2000 कोटींच्या पुढे गेले. म्हणजे सरासरीने सेकंदाला सुमारे साडेसात हजार. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत त्याहून पुष्कळ जास्त. प्रत्येक व्यवहार दोन सेकंदांत पुरा होतो असे धरले, तर कोणत्याही क्षणी पंधरा हजार व्यवहार अर्धवट अवस्थेत असतात. आता काही बँका मंदावल्या आणि तोच वेळ तीस सेकंदांवर गेला, तर अर्धवट व्यवहार होतात सव्वादोन लाख. नवे ग्राहक एकही वाढलेले नाहीत. फक्त उत्तर उशिरा येते आहे, आणि गर्दी पंधरा पट झाली आहे. प्रत्येकामागे एक थ्रेड ठेवला तर नुसत्या राखीव जागेसाठीच दोनशेहून अधिक गिगाबाइट लागतील. प्रत्यक्षात हे काम अनेक यंत्रांवर वाटलेले असते, पण गुणाकाराची दिशा तीच राहते. मोठ्या प्रणाली अनेकदा कामाच्या ओझ्याने कोसळत नाहीत, अडून बसलेल्यांच्या गर्दीने कोसळतात.

चिठ्ठ्यांचा इतिहास

दुसऱ्या तऱ्हेत, म्हणजे डबा ठेवून जाण्याच्या तऱ्हेत, माणसाऐवजी चिठ्ठी थांबते. चिठ्ठीला फार थोडी जागा लागते. वरच्या सव्वादोन लाख व्यवहारांची नोंद प्रत्येकी चार किलोबाइटमध्ये केली, तर सगळे मिळून एका गिगाबाइटच्या आतच बसते.

यासाठी कार्यप्रणालीला एक प्रश्न विचारता यायला हवा: ‘माझ्या या इतक्या डब्यांपैकी कोणकोणते दळून झाले?’ युनिक्सच्या बर्कली शाखेने 1983 मध्ये ‘सिलेक्ट’ नावाने ही सोय दिली. पण तीत दर वेळी सगळे डबे एकेक करून तपासावे लागत. डबे हजारोंच्या घरात गेले की तपासण्यातच वेळ जाई. 1999 मध्ये डॅन केगेल यांनी या अडचणीला ‘सी टेन के’ असे नाव दिले. एका यंत्रावर दहा हजार ग्राहक एकाच वेळी कसे सांभाळायचे, हा तो प्रश्न. लिनक्सने 2002 मध्ये ‘ई-पोल’ आणले. त्यात जे डबे तयार आहेत तेवढ्यांचीच यादी हाती येते. 2004 मध्ये इगोर सिसोएव यांचा ‘एन्जिनएक्स’ हा वेब सर्व्हर आला आणि 2009 मध्ये रायन डाल यांचे ‘नोड’. दोघांचा गाभा एकच: ‘इव्हेंट लूप’. एक थ्रेड गोल गोल फिरत राहतो. कोणाचे उत्तर आले ते पाहतो, त्याचे पुढचे छोटे काम करतो, नवी चिठ्ठी लावतो आणि पुढच्याकडे वळतो. तो कोणाच्याही दारात उभा राहत नाही.

या चिठ्ठीला प्रोग्रामिंगच्या परिभाषेत ‘प्रॉमिस’ म्हणतात, म्हणजे वायदा. डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी 1976 मध्ये हा शब्द या अर्थाने योजला, आणि 1988 मध्ये बार्बरा लिस्कोव्ह व ल्युबा श्रीरा यांनी दूरच्या संगणकांशी बोलण्यासाठी त्याची नीट मांडणी केली. उत्तर आज नाही, पण येईल. ते आल्यावर काय करायचे ते आत्ताच ठरवून ठेवा, असा त्याचा अर्थ. पुढे एफ शार्प भाषेत 2007 च्या सुमारास, सी शार्पमध्ये 2012 साली, पायथॉनमध्ये 2015 साली आणि जावास्क्रिप्टमध्ये 2017 साली ‘असिंक’ आणि ‘अवेट’ अशा खुणांची लेखनपद्धती आली. त्यामुळे चिठ्ठ्यांचा कार्यक्रमही वरून खाली सरळ वाचता येऊ लागला. ‘अवेट’ लिहिले की त्या ठिकाणी हे काम बाजूला ठेवले जाते आणि लूप दुसऱ्या कामाकडे जातो.

एकाने अडवले की सगळे अडतात

इथे या पद्धतीचा काच आहे. लूप एकटा असतो. नऊ डबे चिठ्ठी लावून ठेवले आणि दहाव्या ठिकाणी मात्र आपण रांगेत उभे राहिलो, तर नऊ ठिकाणचे पीठ तयार होऊन पडून राहते. थ्रेडच्या जुन्या पद्धतीत एक थ्रेड अडला तर एकाच ग्राहकाचे काम अडे. इव्हेंट लूपमध्ये एक ब्लॉकिंग कॉल शिरला, की सगळ्यांचे काम अडते.

वसई-विरारच्या वाचकाला हे रुळांवरून लगेच कळेल. विरार आणि मुंबई यांच्यात पहिली उपनगरी गाडी 1867 मध्ये धावली, विजेची गाडी विरारला 1936 मध्ये पोचली, पण बोरिवली ते विरार या पट्ट्यात चार मार्ग पूर्ण व्हायला 2007 साल उजाडले. तोवर दोनच मार्गांवर लोकल, मेल आणि मालगाडी एकामागे एक. पुढची मेल रखडली की तिच्यामागची प्रत्येक लोकल रखडणार, मग त्या लोकलचा काही दोष असो वा नसो. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत दोनच मार्गांची ही स्थिती बरीच वर्षे चालत आली, म्हणून तर तिथे चौपदरीकरणाचे काम काढावे लागले. रेल्वेच्या भाषेत दोन सिग्नलांमधल्या पट्ट्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, आणि नियम असा, की एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. संगणकातला ब्लॉकिंग कॉल हा वेगळ्या घराण्यातला शब्द असला, तरी परिणाम प्रवाशाच्या ओळखीचा आहे.

मग लूपला अडवतो कोण? यादी वाचली तर संशयित साधेसुधेच निघतात. डिस्कवरची फाइल वाचणे. जुन्या पद्धतीच्या ग्रंथालयातून डेटाबेसला विचारणे. ‘दोन सेकंद थांब’ अशी साधी झोपेची आज्ञा. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधणे. हे काम इतके क्षुल्लक वाटते की ते नेटवर्कवर जाते हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्याने लावलेल्या कुलपाची वाट पाहणे. आणि शेवटी, ज्यात वाट पाहणे नाहीच असे काम: मोठी आकडेमोड. पासवर्ड साठवण्यासाठी त्याचे जे गणिती रूपांतर करतात, ते मुद्दामच वेळखाऊ ठेवलेले असते, म्हणजे चोराला लाखो अंदाज करून पाहता येऊ नयेत. पण तेच लूपच्या आत केले, तर एक माणूस लॉगिन करतो आणि बाकीचे सारे ताटकळतात.

सर्वांत फसवी समजूत अशी, की कामाच्या नावाआधी ‘असिंक’ लिहिले म्हणजे ते अडवणार नाही. ती खूण एवढेच सांगते, की या कामात बाजूला होण्याच्या जागा असू शकतात. प्रत्यक्ष बाजूला होणे ‘अवेट’च्या ठिकाणी घडते, आणि तेही पलीकडचे काम खरोखर चिठ्ठीवर चालणारे असेल तरच. आत जुना ब्लॉकिंग कॉल असेल तर बाहेरची पाटी बदलून काही होत नाही.

उपाय चार प्रकारचे आहेत. पहिला, त्या कामाची चिठ्ठीवर चालणारी आवृत्ती मिळत असेल तर ती वापरावी. दुसरा, मिळत नसेल तर ते काम वेगळ्या थ्रेडवर द्यावे. रेल्वेत मालगाडी बाजूच्या मार्गावर घेऊन मेलला वाट देतात, तसे. पायथॉनने 2020 च्या 3.9 आवृत्तीत यासाठी एका ओळीची सोय दिली. नोडमध्ये फाइलींची आणि नाव-पत्ता शोधण्याची कामे आतल्या आत अशाच बाजूच्या थ्रेडवर जातात. पण हे थ्रेड मुळात चारच असतात, ते विसरू नये. चारही भरले की पाचवी गाडी उभीच. तिसरा, आकडेमोड मोठी असेल तर ती वेगळ्या प्रोसेसमध्ये न्यावी किंवा तिचे तुकडे करून दोन तुकड्यांमध्ये लूपला मोकळे करावे. चौथा, प्रत्येक वाट पाहण्याला मुदत घालावी. ज्या चिठ्ठीला मुदत नाही ती कधी ना कधी कायमची पडून राहते.

आणि संशय असेल तिथे मोजावे. पायथॉनच्या असिंक ग्रंथालयात तपासणीची एक अवस्था आहे. ती चालू केली की ज्या कामाने लूपला 100 मिलिसेकंदांहून अधिक अडवले, त्याचे नाव नोंदवले जाते. अडवणारा नेमका कोण, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा ही नोंद वाचणे केव्हाही बरे.

‘झाले का?’ असे किती वेळा विचारायचे

आता पुन्हा यूपीआयकडे येऊ. ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, म्हणजे मुंबईच्या एनपीसीआयने, एप्रिल 2016 मध्ये सुरू केली. तिच्या तांत्रिक आराखड्यात आरंभापासून एक तत्त्व आहे: संगणकांमधले सगळे संवाद असिंक्रोनस असतील. एका बाजूने विनंती पाठवायची. दुसऱ्या बाजूने ताबडतोब फक्त ‘पोचली’ एवढी पावती द्यायची आणि जोडणी मोकळी करायची. खरे उत्तर नंतर स्वतंत्र निरोपाने येते आणि व्यवहाराच्या क्रमांकावरून मूळ विनंतीशी जुळवले जाते. वसईगावच्या बाजारात कोळणीकडून पापलेट घेऊन आपण क्यूआर कोड टिपतो, तेव्हा आपले ॲप, ॲपमागची बँक, एनपीसीआय, आपल्या खात्याची बँक आणि तिच्या खात्याची बँक यांच्यात अशा चिठ्ठ्यांची देवघेव होते. एकही संगणक दुसऱ्याच्या दारात उभा राहत नाही. म्हणून सेकंदाला हजारो व्यवहार चालतात.

पण चिठ्ठीच्या पद्धतीत एक तिसरी अवस्था अटळपणे येते. रोख व्यवहारात पैसे दिले किंवा दिले नाहीत, एवढ्या दोनच शक्यता. इथे ‘अजून ठरायचे आहे’ ही तिसरी. आपल्या खात्यातून रक्कम गेली, तिच्या साउंडबॉक्सवर आवाज आला नाही. या मधल्या अवस्थेला कायद्याचीही दखल घ्यावी लागली. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने एका व्यक्तीकडून दुसरीकडे पाठवलेले पैसे समोरच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते फार तर पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या व्यवहारात पाच दिवसांपर्यंत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. वायद्याला मुदत घालण्याचा जो नियम वर सांगितला, त्याचेच हे कायद्यातले रूप.

मग या मधल्या अवस्थेत संगणकाने काय करायचे? एक मार्ग, उत्तर येईपर्यंत स्वस्थ राहायचे. दुसरा, अधूनमधून विचारायचे, ‘झाले का?’ गिरणीत मुलाला दर पाच मिनिटांनी पाठवून ‘आमचे दळण झाले का’ विचारणारे घर आठवा. एका घराने असे केले तर गिरणीवाला हसून उत्तर देईल. गल्लीतल्या सगळ्या घरांनी केले तर त्याचा वेळ दळण्याऐवजी उत्तरे देण्यात जाईल, दळणे आणखी रेंगाळतील आणि म्हणून मुले आणखी वेळा येतील. 12 एप्रिल 2025 रोजी, शनिवारी, देशभर यूपीआय कित्येक तास अडखळले, तेव्हा हेच झाले होते. बँकांकडून आलेल्या ‘व्यवहाराची स्थिती काय’ या विनंत्यांच्या पुरामुळे व्यवस्था दबली, असे एनपीसीआयच्या तपासात निघाले. काही ठिकाणांहून जुन्या व्यवहारांबद्दलही पुन्हा पुन्हा विचारणा होत होती.

त्यानंतर निर्बंध कडक झाले. स्थिती विचारायची तर काही वेळ जाऊ द्यायचा, आणि दोन तासांत तीनपेक्षा जास्त वेळा विचारायचे नाही. 16 जून 2025 पासून पैसे देण्याच्या विनंतीला उत्तराची मुदत 30 सेकंदांवरून 15 वर आली. लिटलच्या नियमाने पाहिले, तर मुदत निम्मी केली की वाईटात वाईट वेळी साठणारी गर्दीही निम्मी होते. 1 ऑगस्ट 2025 पासून शिल्लक तपासण्यावरही एका ॲपमागे दिवसाला 50 वेळांची मर्यादा आली. वर्तमानपत्रांत या बातम्या ग्राहकांवरच्या बंधनांसारख्या छापून आल्या. खरे तर ती गिरणीच्या दाराशी लावलेली पाटी होती.

उलटा प्रवास

मग सगळे काही चिठ्ठीवरच लिहावे का? नाही. चिठ्ठ्यांचा कार्यक्रम लिहायला आणि त्यातली चूक शोधायला कठीण असतो. दिवसाला पाचशे लोक येणाऱ्या संकेतस्थळाला साधे थ्रेड पुरतात. शिवाय गेल्या काही वर्षांत प्रवाह वेगळ्या दिशेने वळतो आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत 1980 च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी ‘अर्लांग’ ही भाषा तयार झाली. तिच्यात प्रोग्रामरने सरळ वाट पाहणारा कार्यक्रम लिहावा, आणि लाखो हलक्याफुलक्या प्रक्रियांना चिठ्ठ्या लावण्याचे काम भाषेच्या यंत्रणेने आतल्या आत करावे, अशी सोय होती. 2009 मध्ये आलेल्या गो भाषेनेही ती वाट धरली. सप्टेंबर 2023 च्या जावा 21 मध्ये ‘व्हर्च्युअल थ्रेड’ आले आणि जुन्या पद्धतीचा ब्लॉकिंग कॉल पुष्कळ ठिकाणी निरुपद्रवी झाला. लिहिणारा थांबल्यासारखे लिहितो. खाली यंत्र मात्र अडत नाही.

तरी या सोयीने दोन गोष्टी सुटत नाहीत. आकडेमोडीत गुंतलेला प्रोसेसर गुंतलेलाच राहतो. आणि पलीकडची बँक मंद असेल, तर सव्वादोन लाख चिठ्ठ्या साठतातच. त्या स्वस्त आहेत म्हणून संपत नाहीत. कधीतरी ‘आता नवे दळण घेत नाही’ असे सांगावेच लागते, आणि ते वेळेवर सांगणारी प्रणाली सगळ्यांना ‘हो’ म्हणून रात्री शटर पाडणारीपेक्षा अधिक प्रामाणिक असते.

असिंक्रोनस रचनेने प्रतीक्षा नाहीशी होत नाही. ती जागा बदलते. यंत्राच्या दारातून उठून ती बहुधा माणसाच्या दारात येऊन बसते. बाजारात पापलेट पिशवीत पडले आहे, पडद्यावर गोल चक्र फिरते आहे, मागे गिऱ्हाइके उभी आहेत. कोळणीने पिशवी सोडायची की धरून ठेवायची? सगळे संगणक मोकळे आहेत आणि ती एकटी अडली आहे. तिचा लूपही एकच आहे. तिच्यासाठी रचना चांगली की वाईट, हे सेकंदाला किती व्यवहार झाले यावर ठरत नाही. पडद्याने खरे सांगितले का, यावर ठरते: पैसे मिळाले, मिळाले नाहीत, की अजून ठरायचे आहे, आणि ठरायचे असेल तर कधीपर्यंत. ‘अजून ठरायचे आहे’ हे स्पष्ट सांगितले नाही, तर गिऱ्हाईक बटण पुन्हा दाबते. एकाच व्यवहाराचा निरोप यंत्राने दोनदा पाठवला तर क्रमांकावरून तो ओळखता येतो, पण माणसाने नव्याने दाबले की तो नवा व्यवहार ठरतो आणि पैसे दोनदा जातात.

म्हणून कोणत्याही प्रणालीकडे पाहताना, ती बँकेची असो, रेल्वेची असो की महापालिकेच्या दाखल्याची, तीन गोष्टी विचाराव्यात. थांबणार कोण? कुठवर थांबणार? आणि काम झाले हे त्याला सांगणार कोण, की त्यानेच दर पाच मिनिटांनी जाऊन विचारायचे?